ओस जागा कुणाच्या नावावर?

आमचं वाजलं ते पाइपांवरून.

उजनी मायनसमध्ये गेलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं. खाली दगडी बांधणी, वर विटांचं शिखर, चहूकडे भेगाळलेला गाळ. पुण्याहून पहाटे निघालं तर भिगवण मागं टाकून ऊन चढायच्या आत तिथं पोचता येतं. त्या दिवसांत देवळाभोवतीच्या गाळातून काळे पाइप गेलेले असतात. पाणी मागं हटेल तसतशा शेतकरी मोटारी पुढं सरकवतात आणि पाइपाला पाइप जोडत पाण्याचा पाठलाग करतात. मी ट्रायपॉड अशा जागी लावला होता की त्यातला एकही पाइप चौकटीत येऊ नये.

मामांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलं.

“पाइप कुठं गेले?”

“मुद्दाम बाहेर ठेवलेत. मला देऊळ हवंय.”

“देऊळ घे की. पण या फोटोत इकडं माणूसच फिरकत नाही असं दिसतंय. अन् तुझ्या पाठीमागं तो बाबा मोटारीत पाणी भरतोय.”

मामा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची सुरुवातीची वर्षं इंदापूर-करमाळ्याकडं गेली. शंकूसाखळी ओढत शेतं मोजण्यापासून ईटीएस मशिनपर्यंत सगळं त्यांनी हाताळलंय. माझं काम शहरातलं, पण सुट्टी आली की गाडी काढायची आणि लोक सोडून गेलेल्या जागा गाठायच्या, ही माझी जुनी ओढ आहे. बुडालेली गावं, बंद गिरण्या, कुलूप लावलेले वाडे, आता गाडी थांबत नाही अशी स्टेशनं. शाळेत जो इतिहास मला कधी भिडला नाही तो अशा जागांनी मला शिकवला. मामा सोबत येतात, कारण त्या भागातले रस्ते आणि शिवा त्यांना तोंडपाठ आहेत. त्या दिवशी परतीच्या वाटेवर आणि नंतरही पुष्कळदा आम्ही जे बोललो ते इथं मांडते आहे. दोघांचंही म्हणणं बहुतेक बाबतींत अजून तेच आहे.

“तू या जमिनीला ओस म्हणतेस,” गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, “पण ही गाळपेर आहे. पाणी उतरलं की उघडी पडते आणि हंगामापुरती कसायला दिली जाते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांचा हक्क आधी. म्हणजे आजोबांचं शेत नातू भाड्यानं करतो. कलिंगड घेतो, चारा घेतो, आणि पाणी चढलं की बाहेर पडतो. हे तुझ्या फोटोत कुठं आहे?”

“एका फोटोत सगळं कसं येईल, मामा? तुमच्या सात-बारावर तरी त्या शेताचा वास येतो का?”

“वास येत नाही, पण नाव येतं.”

“आणि माझ्या फोटोमुळं लोक निदान तिकडं बघतात. पाइपांचा फोटो लावला तर कुणी थांबणार नाही. शिखराचा लावला तर माणूस थांबतो. थांबला की विचारतो, हे पाण्यात कसं गेलं? तिथून पुढं मी त्याला सांगू शकते.”

“किती जण विचारतात?”

“थोडे.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांना देखणं काहीतरी दिसलं. त्यात वाईट काय आहे?”

इथं माझी एक गोष्ट सांगायला हवी. उजनीत एकूण 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. देऊळ मोकळं उभं दिसतं तेव्हा वापरायचं पाणी संपून धरण मृतसाठ्यात उतरलेलं असतं. ज्या उन्हाळ्यात आम्हा फोटोवाल्यांची चंगळ असते, त्याच उन्हाळ्यात सोलापुरात नळाला किती दिवसांआड पाणी येणार याचा घोर लागलेला असतो. हे मला ठाऊक आहे आणि तरीही मी जाते. दुष्काळ मी आणलेला नाही. देऊळ दिसण्याची वेळ मात्र दुष्काळच ठरवतो, आणि त्या वेळी तिथं असणं मला गरजेचं वाटतं. शिखराच्या विटा दर वेळी थोड्या अधिक झिजलेल्या दिसतात. आज जे दिसतं त्याची नोंद आज झाली नाही तर पुढच्या वेळी ते नसेल.

“नोंद म्हणतेस तर नोंदीसारखी कर,” मामा म्हणाले. “आम्ही टिपण काढायचो तेव्हा विहीर आवडली नाही म्हणून वगळली, असं चालत नव्हतं.”

हा टोला वर्मी लागला. पण माझ्याकडं थोरल्या मामांचं उदाहरण होतं. थोरले मामा मुंबईत गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते पुन्हा कामावर गेले नाहीत. त्या दिवसांबद्दल घरात कुणी विचारलं तर उठून गॅलरीत जायचे. एकदा मी त्यांना एका बंद गिरणीतल्या शेडचे फोटो दाखवले. रिकामी जमीन, खांबांच्या रांगा, वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. त्यांनी फोटो हातात धरला आणि म्हणाले, “हे साचेखातं. काचा उत्तरेला असतात, म्हणजे ऊन आत येत नाही आणि दिवसभर उजेड एकसारखा राहतो. सुताचा धागा तुटला तर दिसायला नको?” मग ते बोलतच राहिले. हवेत दमटपणा कसा ठेवायचे, आवाजामुळं ओठांच्या हालचालींवरून कसं बोलायचे, बदली कामगार सकाळी दारावर कसे उभे राहायचे.

“त्या फोटोत एकही माणूस नव्हता,” मी मामांना म्हटलं. “म्हणून तर त्यांना तिथं स्वतःला उभं करता आलं. माणसं असती तर ते त्या माणसांबद्दल बोलले असते.”

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरंय. पण तो फोटो दादाच्या हातात गेला. तुझे बाकीचे फोटो कुणाच्या हातात जातात?”

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहरावरून तो मोठ्यानं विचारला गेला. तिथलं मिशिगन सेंट्रल हे भव्य स्टेशन 1913 मध्ये सुरू झालं आणि 1988 मध्ये तिथून शेवटची गाडी सुटली. मग जगभरचे फोटोग्राफर त्या रिकाम्या इमारतीकडं धावले. 2010 मध्ये दोन फ्रेंच छायाचित्रकारांचं डेट्रॉइटच्या भग्न इमारतींवरचं देखणं पुस्तक आलं. गावातले लोक अशा फोटोंवर चिडले, कारण त्या शहरात तेव्हाही सहा लाखांहून अधिक माणसं राहत होती आणि फोटोत ती कुठंच नव्हती. पुढं 2018 मध्ये फोर्ड कंपनीनं ते स्टेशन विकत घेतलं आणि दुरुस्त करून 2024 मध्ये पुन्हा उघडलं. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी त्यांचीच बाजू मांडते आहे. मी सांगत होते ते वेगळं. एवढी वर्षं ती इमारत कुणी विसरलं नाही, त्यात त्या फोटोंचाही वाटा आहे असं मला वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही. पण ज्या इमारतीचा कुणी फोटोच काढत नाही ती पाडताना कुणी हळहळत नाही, हे मी मुंबईत गिरण्यांच्या चिमण्या उतरताना पाहिलंय.

दुसरा वाद वसईवरून झाला, आणि तो मीच उकरून काढला. मामांच्या घरी भिंतीवर वसईच्या किल्ल्यातला फोटो आहे. पडक्या चर्चच्या कमानीखाली मामा, मामी, मुलं.

“तिथंही माणसं राहत होती, मामा. घरं होती, मठ होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते सगळं उठलं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मठ 1835 मध्ये रिकामा केला, 1842 मध्ये चर्चचं छत पडलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग कोसळला, आणि आज आपण उरलेल्या मनोऱ्यासमोर उभं राहून फोटो काढतो. तिथं तुम्हाला काही खटकत नाही. मग किती वर्षं गेली की चालतं?”

मामांनी याचं उत्तर वर्षांत दिलं नाही. “हाताने लिहिलेल्या जुन्या सात-बारावर एखाद्याचा हक्क गेला की त्याचं नाव खोडत नसत,” ते म्हणाले. “नावाला कंस करायचे. नाव वाचता यायचं, पण ते चालू नाही हे कळायचं. बुडीत गावांचे उतारे मी पाहिलेत. पानंच्या पानं कंस, आणि खाली पाटबंधारे खात्याचं नाव. त्या कंसातली माणसं मला नंतर भेटायची. कुणी भिगवणला मासळीच्या लिलावात, कुणी पुनर्वसनाच्या गावठाणात प्लॉटची हद्द दाखवायला. वसईच्या कंसातलं कुणी मला भेटलेलं नाही. ज्या गावाच्या कंसातला माणूस अजून चालता-बोलता आहे, तिथं कॅमेरा काढायच्या आधी त्याला राम राम घालावा, एवढंच माझं म्हणणं.”

मला हे पटलं, आणि पुरेसं वाटलं नाही. तो माणूस शेवटी जाईल. त्याच्या पाठीमागं उरणारं चित्र कुणी काढायचं? त्याच्या हयातीत त्याची परवानगी घेऊन काढलेलं, की त्याच्यानंतर कुणाचीच परवानगी न लागता काढलेलं? म्हणूनच तर मला घाई आहे.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघं एकच बोलतो. मोबाइलवर हल्ली भुताच्या वाड्यांचं पेव फुटलंय. रात्री टॉर्च घेऊन आत शिरायचं, वटवाघळं उडाली की किंचाळायचं, आणि कुठल्या तरी सुनेनं विहिरीत उडी टाकल्याची कथा रचायची. मामा याने संतापतात, आणि त्यांचा संताप कामाच्या अनुभवातून आलेला आहे.

“वाडा का बंद पडतो सांगू? वारस. आजोबा जातात, चार मुलांची नावं लागतात. त्यांच्या पोटची तेरा. त्यातले कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, कुणी बहिणीचं नाव लावायला तयार नाही. वाटणी होत नाही, म्हणून विकता येत नाही. विकता येत नाही, म्हणून कुणी दुरुस्तीला पैसा घालत नाही. एका पावसाळ्यात माळवद गळतं, दुसऱ्यात तुळई कुजते. भाऊबंदकीला शाप म्हणा हवं तर, पण विहिरीत कुणी नसतं. आणि तिथं खरोखर नांदून गेलेल्या बाईच्या नावावर हे लोक अपघात लावतात.”

त्याच दिवशी त्यांनी मला जुन्या वाड्याच्या माडीवर चालायचं कसं तेही शिकवलं. खोलीच्या मधोमध पाय ठेवायचा नाही. भिंतीच्या कडेनं जायचं, जिथं तुळईचं टोक भिंतीत बसलेलं असतं. कुबट वास येत असेल तर आधी दार उघडं ठेवून थांबायचं. गाळाचंही तसंच. वरून खपली धरलेली दिसते, खाली मांडीपर्यंत चिखल असतो. मासेमाराला विचारल्याशिवाय त्यावर उतरायचं नाही. आणि एकटीनं कुठंच जायचं नाही, बंद गिरणीत तर नाहीच. या शेवटच्या अटीवर मी भांडत नाही. 2013 मध्ये मुंबईत शक्ती मिलच्या आवारात जे घडलं ते कॅमेरा घेऊन फिरणारी कुठलीही मुलगी विसरू शकत नाही.

खरं भांडण झालं ते ठिकाणाच्या नावावरून.

अशा जागांचे फोटो काढणाऱ्यांत एक जुना संकेत आहे. फोटो दाखवायचा, जागा सांगायची नाही. मी तो पाळते, कारण त्यामागं अनुभव आहे. कोरीव चौकट असलेल्या एखाद्या वाड्याचा पत्ता बाहेर पडला की काही दिवसांत तिथं गर्दी होते, भिंतीवर बदाम आणि नावं कोरली जातात, आणि मग एके दिवशी चौकटच नसते. जुन्या दारांना, खांबांना, नक्षीच्या तुळ्यांना बाजार आहे. उघड्यावर पडलेल्या वीरगळांचीही तीच गत होते.

“म्हणून मी फक्त ‘पश्चिम महाराष्ट्र’ एवढंच लिहिते,” मी म्हटलं.

मामांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. त्यांना नीट बोलायचं होतं.

“हे बघ. गावाची जमीन गेली. घरं गेली. देव उचलून नव्या जागी नेला. माणसं दहा ठिकाणी पांगली. आता उरलं काय? नाव. मी मोजणीला जायचो तेव्हा म्हातारी माणसं जुन्या गावाचं नाव सांगायची, नव्याला नुसतं ‘पुनर्वसन’ म्हणायची. आणि तू तेवढं एकच उरलेलं काढून घेतेस आणि खाली ‘पश्चिम महाराष्ट्र’ लिहितेस. सरकारनंसुद्धा मौजे अमुक, तालुका तमुक असं लिहून संपादन केलं होतं.”

“आणि नाव लिहिलं म्हणून उद्या तिथले वीरगळ गेले तर? नाव राहील, गावाचा शेवटचा दगड जाईल.”

“दगड नेणाऱ्याला तुझ्या फोटोची गरज नसते. त्याला माहीत असतं. माहीत नसतं ते शहरातल्या माणसाला, ज्याच्या नळाला त्या धरणाचं पाणी येतं.”

या वाक्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. पण चोराला आधीच ठाऊक असतं हे मामांचं म्हणणं मला अर्धंच खरं वाटतं. काही चोर नवे असतात, आणि त्यांना वाट आम्हीच दाखवतो.

मी त्यांना कुर्डीबद्दल सांगितलं. गोव्यात सांगे तालुक्यातलं हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं. 1980 च्या दशकात साळावली धरणात ते गेलं. गावातलं महादेवाचं प्राचीन देऊळ पुरातत्त्व सर्वेक्षणानं दगडन् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. लोकांना वाडे आणि वालकिणीला जागा दिल्या. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव उघडं पडतं: जोती, पायऱ्या, झाडांचे वाळके बुंधे. मे महिन्यात कुर्डीकर तिथं जमतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या चॅपेलच्या जागी प्रार्थना करतात. लोक मुलांना हाताला धरून नेतात आणि नुसत्या जोत्यासमोर उभं करून सांगतात की हे आपलं घर. आधी मला तिथं कॅमेरा बाहेर काढायचा संकोच वाटत होता. एका आजींनीच बोलावलं, जोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, आता काढ, मागं चुलीची जागा येऊ दे.

“बघ,” मामा म्हणाले. “तिला चूल फोटोत हवी होती. तू असतीस तर वगळली असतीस.”

“नसती वगळली. आणि मामा, कुर्डीचे रिकाम्या जोत्यांचे फोटोही मी काढलेत, लोक येण्याआधी, पहाटे. ते आजींना दाखवले. त्यांना तेच जास्त आवडले. त्या म्हणाल्या, गाव असंच दिसतं स्वप्नात, कुणी नसतं.”

मामांनी यावर वाद घातला नाही. पण मान्यही केलं नाही.

आता आमच्यात एक तह झाला आहे. बुडालेल्या आणि पुनर्वसित गावांच्या फोटोखाली मी मौजे, तालुका, जिल्हा, धरणाचं नाव आणि नवं गाव कुठं वसलं ते, हे सगळं लिहिते. पाइप असतील तर निदान एका फोटोत असतात. रिकामा, माणसांवाचूनचा फोटोही काढते, आणि तो मागं ठेवायला तयार नाही. मामांना तो अजून खटकतो. त्यांच्या मते तो खोटा आहे. माझ्या मते त्या गावातल्या माणसाला हवी ती जागा त्यात मोकळी आहे.

वाड्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. बारामतीच्या बाजूला एक दुमजली वाडा आहे, सागवानी खांबांवर केळफुलांची नक्षी असलेला. दाराला कुलूप आहे, पण परसाकडची भिंत ढासळलीय आणि तिथून आत जाता येतं.

“बाहेरून, रस्त्यावरून काढ,” मामा म्हणाले. “आत जायचं तर विचारून.”

“विचारायचं कुणाला? तुम्हीच म्हणता वारस पांगलेले असतात.”

“गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो, पण ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा असतो. घरपट्टी कुणाच्या नावावर निघते ते त्यात कळतं. कुणी तरी एक सापडेल.”

“आणि तो नको म्हणाला तर? खांब आणखी दोन पावसाळे टिकतील का?”

“नको म्हणाला तर नको.”

“मला हे मान्य नाही.”

“नसू दे. उतारा तर काढ आधी.”

उतारा काढला. घरपट्टी थकलेली नाही. दर वर्षी कुणी तरी ती भरतं आहे, ज्या घरात चूल पेटत नाही त्या घराची. ग्रामसेवकांनी सांगितलं की मनीऑर्डर यायची, आता नातू ऑनलाइन भरतो. नंबर त्यांच्याकडं आहे, त्याला विचारून देतो म्हणाले. मामांना वाटतं, सरळ भेटायला जावं, फोनवर माणूस पटकन नाही म्हणतो. मला वाटतं, आधी फोन करावा आणि बाहेरून काढलेला फोटो पाठवावा. खांबांवरची केळफुलं त्यानं कदाचित बऱ्याच वर्षांत पाहिली नसतील.